तीन धारा काढल्याशिवाय

झुंबरतात्यांना दूध संघाच्या कंप्युटर समितीवर घेतलं, कारण ते बोलणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती. समितीत तीन माणसं असावीत असा नियम होता. एक अध्यक्ष दादासाहेब. ते पुण्यात कंप्युटरचं प्रदर्शन पाहून आले होते आणि तेव्हापासून चालतानासुद्धा जरा विचारात असल्यासारखे चालायचे. दुसरी संजीवनी, पिंपळीच्या भाजीपाला करणाऱ्या घरातली पोरगी. बारामतीला कंप्युटरचा डिप्लोमा करून ती संघात लागली होती, आणि यंत्रातलं खरं काय ते तिलाच कळायचं. तिसरा एक दूध घालणारा सभासद हवा होता, उद्घाटनाला उभा राहायला आणि सही करायला. तात्यांची सही बरी यायची.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. संघ इंदापूर तालुक्यातला, कळंबच्या अलीकडं. बासष्ट गावांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथल्या शीतकरण केंद्रावर यायचं. कुठल्या गावचं किती लिटर, फॅट किती, हे चार कारकून मान मोडेपर्यंत लिहीत बसायचे. आता ते सगळं यंत्रात जाणार होतं, आणि यंत्र कुठलं घ्यायचं हे या तिघांनी ठरवायचं होतं.

तात्या मूळचे मेंढरांवाले. दोनशे मेंढरांचा कळप घेऊन ते दरवर्षी दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे. निघायच्या दिवशी त्यांची बायको सारजाबाई त्यांच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायची, मगच कळप हलायचा. पुढं कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानात ऊस उभा राहिला, आणि चौऱ्याऐंशी साली कळप विकावा लागला. तात्या बागाईतदार झाले. पोटाला कमी पडलं नाही, दुधाच्या दोन म्हशीही दारात आल्या. कमी पडलं ते वेगळंच.

कळप होता तोवर पंचक्रोशीत कुणालाही मेंढा घ्यायचा तर आधी तात्यांना बोलावणं यायचं. तात्या जनावराच्या पाठीवर उजव्या हाताचा तळवा ठेवायचे, ओठ वर करून दात बघायचे, आणि दोनच प्रश्न विचारायचे. खातो किती? चालतो किती? त्यांनी मान हलवली की सौदा झाला. कळप गेल्यावर तो तळवा रिकामा झाला. तेरा वर्षांत कुणी म्हणून कशाची पारख करायला बोलावलं नाही. घरात रंगीत टीव्ही आला, तोही खोक्यातून बाहेर निघाल्यावर त्यांना कळला. म्हाताऱ्याला हे फार लागलं होतं. बाजारात ते उगाचच एकेक कलिंगड थापटून बघायचे आणि न घेताच पुढं जायचे. कलिंगडवाले त्यांना लांबून ओळखत.

समितीच्या पहिल्या बैठकीला पुण्याच्या कंपनीचा दिग्विजय नावाचा तरुण आला. एप्रिलच्या उन्हात टाय लावून आला होता, हे ऐकून सारजाबाईला पुढं कितीतरी दिवस त्याची दया येत होती. त्यानं टेबलावर रंगीत चित्रं मांडली. काळं, कमरेएवढं, दोन माणसांनी उचलायचं यंत्र. त्याला सर्व्हर म्हणायचं. बासष्ट काय, सहाशे गावं पोटात घेईल असा.

दादासाहेबांचे डोळे लकाकले. मंत्री-संत्री संघ बघायला येतील तेव्हा काचेच्या खोलीत हे काळं प्रकरण कसं दिसेल, ते त्यांना आत्ताच दिसत होतं.

संजीवनीनं हळूच दुसरा कागद पुढं केला. तिचं म्हणणं साधं होतं. एक मोठं घेण्यापेक्षा नेहमीची पाच लहान यंत्रं घ्यावीत. दुधाच्या गाड्यांचे पाच मार्ग आहेत, एकेका मार्गाची गावं एकेका यंत्राला द्यावीत, आणि पाचही वायरनं जोडावीत. प्रत्येकानं आपल्या नोंदींची एक प्रत दर थोड्या वेळानं शेजारच्याकडं ठेवायची.

"लहान लहान घेऊन कुठं संघ चालतो का?" दादासाहेब म्हणाले. "आपला संघ केवढा!"

तेव्हा तात्यांनी घसा साफ केला. सगळ्यांना वाटलं, पाणी हवंय.

"ह्ये काळं," चित्रावर बोट ठेवत तात्यांनी विचारलं, "खातं किती?"

दादासाहेबांनी कपाळाला हात लावला. दिग्विजय अदबीनं म्हणाला, "काका, हे खात नाही. मशीन आहे."

"खातं, तात्या," संजीवनी म्हणाली. "वीज खातं. आणि खाल्लं की तापतं. तापलं की बंद पडतं. म्हणून त्याची खोली गार ठेवायला एसी लागतो, आणि एसी त्याच्यापेक्षा जास्त खातो."

तात्यांनी चित्र जवळ ओढलं.

"म्हंजी खाल्लेलं सोसंना म्हणून परत येगळं खायाचं," ते म्हणाले. "आमी पाळला हुता असला एक."

मग त्यांनी सरदार नावाच्या मेंढ्याची हकिगत सांगितली. तात्या तेव्हा विशीत होते. बाजारात एक एवढा थोरला मेंढा आला की बघायला गर्दी. पाठीवर हात ठेवायचंही तात्यांना सुचलं नाही, नुसत्या रुबाबावर भाळून घेतला. तीन मेंढरांचं एकटा खायचा. घाटात तिसऱ्या वळणावर जो बसला तो उठेना. शेवटी तात्या त्याला खांद्यावर घेऊन घाट उतरले, आणि दोनशे मेंढरं पुढं जाऊन मागं वळून बघत उभी राहिली.

"तवापास्नं रुबाब बघायचा सोडला," तात्या म्हणाले. "आन् दादासाहेब, एकुलती म्हस आजारी पडली तर घराला दूध न्हाय. कळपातलं एक लंगडलं तर कळप मुक्कामाला जातोच की."

दादासाहेब हसले, पण त्यांच्या हसण्यात मजा नव्हती. भरल्या बैठकीत सर्व्हरची तुलना मेंढ्याशी झाली होती. ते म्हणाले, "मग ठरवायचं कसं? पाठीवर हात ठेवून?"

"तीन धारा काढून," तात्या म्हणाले.

इकडं दुभती म्हैस घ्यायची तर तिच्या तीन धारा काढून बघतात, मगच दाव्याला हात लावतात. पहिल्या वेळेला विकणाऱ्यानं दूध तुंबवून ठेवलेलं असतं, त्यामुळं ती धार खोटी. दुसऱ्या वेळेला खरं रूप दिसायला लागतं. तिसऱ्या वेळेला म्हैस लाथ मारते का तेही कळतं. तात्यांचं म्हणणं, दोन्हीकडची यंत्रं केंद्रावर आणा. शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ, असं तीन वेळचं दूध दोन्हींवर चढवा. मग बघू.

दिग्विजयला आपल्या मालाची खात्री होती, तो लगेच कबूल झाला. दादासाहेबही झाले, पण जाता जाता बोलले, "आणि तुमची पाच मेंढरं बसली तर, तात्या?"

खरं तर इथं गप्प बसायला हवं होतं. पण तेरा वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. तात्यांनी उजवा तळवा टेबलावर आपटला.

"तर परत आयुष्यात कशावर हात ठेवून सांगणार न्हाय, ह्ये बरं हाय का वाईट. कलिंगडावरबी न्हाय!"

घरी आल्यावर त्यांनी हे सारजाबाईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन् तुमाला कंप्युटरमधलं काय कळतं वो?" तो प्रश्न तात्यांना वाटेतच पडला होता.

शनिवारी दोन्ही यंत्रं बसली. काळा सर्व्हर काचेच्या खोलीत, एसीच्या वाऱ्यात. तिच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली, एका लांब बाकावर पाच पांढरट खोकी ओळीनं, डोक्यावर छताचा पंखा. संजीवनीनं वायरमनकडून दोन्हींना वेगळे वीजमीटर बसवून घेतले होते. तात्यांनी मीटरमधली फिरणारी चकती पाहिली, तिच्यावरची काळी खूण पाहिली, आणि त्यांना एकदम हायसं वाटलं. खूण एक फेरा मारून आली की एक घास. हे त्यांना जमण्यासारखं होतं.

कळप मोजायला ते खडे वापरायचे. एक मेंढरू गेलं की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात, आणि शंभर झाले की उपरण्याला एक गाठ. तसेच ते खडे घेऊन मीटरखाली बसले. दहा मिनिटं या मीटरखाली, दहा मिनिटं त्या. पाच खोक्यांचे पंचाहत्तर खडे भरले. सर्व्हर आणि एसीचे मोजताना त्यांची बोटं दुखायला लागली. उपरण्याला तीन गाठी पडल्या.

"तीन गाठी," त्यांनी दादासाहेबांना उपरणं दाखवलं. "हिकडं एकबी न्हाय."

पण पहिल्या धारेला मान सर्व्हरनंच मिळवला. गाव सांगायचा अवकाश, पडद्यावर सगळी यादी हजर. पाच खोकी आपली गुरगुरत, एकेक ओळ दाखवत बसली होती. त्यात रोज न चुकता जाणारी वीज त्या संध्याकाळी गेलीच नाही. दादासाहेब काचेच्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते. आत इतकं गार होतं की त्यांनी एप्रिल महिन्यात कानाला मफलर बांधला होता.

तात्या आत गेले. सर्व्हरच्या पाठीवर त्यांनी तळवा ठेवला. एवढ्या गारठ्यात ती पाठ भाजत होती. त्यांना जरा धीर आला.

रविवारी सकाळी दूध यायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. केंद्राचा जनरेटर सुरू झाला. दूध गार ठेवणारा कॉम्प्रेसर त्याच्यावर कसाबसा चालायचा. त्यात आज एसी आणि सर्व्हर दोघं पंगतीला बसले. जनरेटरनं काळा धूर सोडला, कॉम्प्रेसर आचके द्यायला लागला, आणि टाकीवरचा माणूस ओरडला, "साहेब, दूध तापतंय!"

बासष्ट गावांचं दूध होतं ते. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं एसी बंद केला. अर्ध्या तासात मफलर सुटला, सदऱ्याची दोन बटणं सुटली, आणि सर्व्हर किंचाळायला लागला. दिग्विजयनं टाय खिशात घातला आणि एका जाड फायलीनं त्याला वारा घालत उभा राहिला. शेवटची गाडी खाली होईपर्यंत त्यानं हात थांबवला नाही. पोरगा कष्टाळू होता, ते तात्यांनाही मानावं लागलं.

बाकावरची पाच खोकी सावकाश आपलं काम करत होती. जनरेटरला त्यांचं ओझं झालंच नव्हतं.

"जनरेटर लहान पडतोय," दिग्विजय घाम पुसत म्हणाला. "मोठा घेतला तर प्रश्नच नाही."

"घेऊ," दादासाहेब म्हणाले. माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला जनरेटरही लहान वाटतो.

म्हणजे सगळं तिसऱ्या धारेवर आलं. आणि तिसऱ्या धारेला तात्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

झालं असं की रविवार खंडोबाचा वार. नवं जनावर कळपात आलं की त्याच्यावर भंडारा टाकायचा, ही तात्यांच्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जीव टांगणीला लागलेला, त्यामुळं त्यांना ती जरा जास्तच आठवली. दुपारी घरी जाऊन त्यांनी सारजाबाईला सांगितलं, "भंडारा घिऊन चल. चांगला वंजळभर घे." सारजाबाईला चिमूटभर काम कधी जमलंच नाही. तिनं डबाच घेतला.

केंद्रावर दूध उतरत होतं. संजीवनी मापाजवळ पावत्या गोळा करत होती. सारजाबाई आधी सर्व्हरकडं गेली, पण दिग्विजय दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. मग ती बाकाकडं वळली. मधल्या खोक्यावर कळंब मार्गाची गावं होती, म्हणजे आपलंच गाव. "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणत तिनं भरली मूठ त्याच्यावर उधळली. बाकीच्यांना चिमटी-चिमटी लावायचं तिनं ठरवलं होतं, पण वेळच आली नाही. खोक्याच्या पंख्यानं भंडारा आत ओढला, मागून पिवळा धूर सोडला, चटचट आवाज झाला, आणि पडदा काळा पडला.

सारजाबाईची मूठ तशीच वर राहिली होती.

काचेच्या खोलीतून दादासाहेब बाहेर आले. त्यांनी पिवळं झालेलं खोकं पाहिलं, सारजाबाईकडं पाहिलं, आणि मग तात्यांकडं पाहिलं. आता लाथ मारली म्हणून म्हशीला, म्हणजे यंत्राला, दोष देता येईल असं तात्यांना क्षणभर वाटून गेलं. बायकोलाही देता आला असता. पण आयुष्यभर लोकांची जनावरं पारखलेल्या माणसाला ते शोभणारं नव्हतं.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "भंडारा मीच आणाय सांगितला. हिचा काय दोस न्हाय." त्यांनी उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. "दिलेला शब्द ध्येनात हाय माज्या."

सारजाबाईचे डोळे भरून आले. तेरा वर्षांत म्हाताऱ्याला एकदा कुणी विचारलं होतं, आणि तेही तिच्याच हातून गेलं होतं.

तेवढ्यात संजीवनी पावत्या घेऊन आली. काय झालं ते तिनं एका नजरेत ओळखलं. ती शेजारच्या खोक्यासमोर बसली, दोन-चार कळा दाबल्या, आणि पडद्यावर कळंब मार्गाची गावं एकाखाली एक उतरायला लागली. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, सगळं. शेवटच्या तीन गावांच्या नोंदी तेवढ्या नव्हत्या. त्या तिनं हातातल्या पावत्यांवरून पाच मिनिटांत भरल्या.

"पुढची गाडी येऊ द्या," तिनं मापाकडं ओरडून सांगितलं. मग मागं वळून म्हणाली, "तात्या, एक लंगडलंय. कळप चाललाय."

दादासाहेब बराच वेळ त्या चार खोक्यांमागं उभे राहिले. गाड्या येत होत्या, खाली होऊन जात होत्या. मग त्यांनी काचेच्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "दिग्विजयराव, ती मूठ तुमच्या यंत्रावर पडली असती तर?"

दिग्विजय खाली वाकला आणि सर्व्हरवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायला लागला.

पाच लहान यंत्रं घ्यायचं त्या आठवड्यात ठरलं. दादासाहेबांनी सभेत सांगितलं की हा आपला पहिल्यापासूनचा विचार होता. ते ऐकून संजीवनी हसली नाही, हे तिचं मोठेपण. मधलं खोकं तिनं उघडलं, रंगाच्या बारीक ब्रशनं आतला भंडारा झाडला, एक जळका भाग बदलला, आणि ते पुन्हा चालू केलं. त्याच्या मागच्या जाळीवरचा पिवळा डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

तात्यांनी सही केली आणि ते घरी आले. त्यांच्या लेखी एक मेंढरू बसलं होतं, तेही त्यांच्या चुकीनं, आणि शब्द तो शब्द. बाजारात ते कलिंगडांच्या ढिगाशेजारून हात पाठीमागं बांधून गेले. कलिंगडवाल्यानं मुद्दाम हाक मारली, "तात्या, बघा की जरा!" तरी वळले नाहीत. दारची म्हैस माजावर आली तरी तिच्या पाठीवर हात फिरवला नाही. सारजाबाई हे सगळं बघत होती.

तीन आठवड्यांनी दारात जीप थांबली. दादासाहेब एकटेच उतरले, ओसरीवर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "नरसिंहपूरकडच्या एका संस्थेला कंप्युटर घ्यायचेत. त्यांच्याकडंबी कुणी मोठं काळं घेऊन आलंय. चला, तात्या. हात ठेवून सांगायचंय."

"म्या शब्द दिलाय," तात्या जमिनीकडं बघत म्हणाले. "मेंढरं बसली तर हात ठेवणार न्हाय म्हणून."

"बसली कुठं?" दादासाहेब म्हणाले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. "आवो, बसलो ते मी. मफलर बांधून. तुमी नसता तर बासष्ट गावांचं दूध नासवून मोकळा झालो असतो. चला की आता."

तात्यांनी उजवा हात मांडीवर घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. मग उठले, न्हाणीत जाऊन तो साबणानं धुतला, कोरडा पुसला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. खिशात खडे आहेत का ते चाचपलं. होते.

ते उंबऱ्याशी आले तेव्हा सारजाबाई भंडाऱ्याचा डबा घेऊन उभी होती. दादासाहेब दचकून जीपच्या आडोशाला सरकले.

"यंत्राला न्हाय लावत!" ती म्हणाली. तिनं एवढीशी चिमूट घेतली. तिला ती जमली. कळप कोकणात निघायचा तेव्हा लावायची तसा तिनं नवऱ्याच्या कपाळाला भंडारा लावला, तेरा वर्षांनी. तात्यांनी मान हलवली. मग दादासाहेबांनी जीपचं पुढचं दार उघडलं आणि आपण मागं जाऊन बसले.